नवऱ्याला पहिल्यांदा फेझंटच्या शिकारीला नेताना

आमच्याकडे सगळं उलटं आहे. बंदूक माझी, परवाना माझा, आणि शनिवारी पहाटे चहाचा थर्मास भरून "कधी येशील?" विचारणारा नवरा. मिनेसोटात आल्यावर शेजारच्या आजोबांनी मला गवतात फेझंट (कोंबडीएवढा, लांब शेपटाचा रानपक्षी) शोधत फिरायला शिकवलं. सहा हंगाम मी त्यांच्याबरोबर गेले. सातव्या वर्षी नवरा म्हणाला, "मलाही ने की एकदा." तो कोल्हापूरचा. पणजोबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेला, पण स्वतः कधी छर्ऱ्याची बंदूकही न उचललेला. त्याला नेताना मी एक मोठी चूक केली, ती पुढे येईलच. बायकोला नेणाऱ्या नवऱ्यांनीही हेच वाचावं, फक्त क्रियापदं बदलून घ्यावीत.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर गावाकडच्या तितर-लाव्याची शिकार हा गुन्हा आहे. सुट्टीत गावी गेल्यावर इथला उत्साह तिथे दाखवू नका.

आधी विचारा, मग कागद करा

"चल ना, मजा येईल" म्हणून कोणालाही नेऊ नका. पक्षी मरतो, रक्त दिसतं, आणि ते हाताला लागतं. हे आठवडाभर आधी, जेवताना नव्हे, शांतपणे बोलून घ्या. नकार आला तर आला. नुसतं चालायला यायचं असेल तर तेही चांगलंच. मात्र बंदूक न घेता सोबत चालणाऱ्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, म्हणून आम्ही सरळ दोघांचेही परवाने काढले.

मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. मोठ्या माणसांना हा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. तेवढा वेळ नसेल तर शिकाऊ परवान्याची सोय आहे, पण ती आयुष्यात दोनदाच मिळते आणि परवानाधारक प्रौढ माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावा लागतो. माझं मत, अभ्यासक्रमच करायला लावा. बायकोने शिकवलेलं नवरा ऐकतो, असं समजण्यात अर्थ नाही. परीक्षेत विचारणार म्हटलं की ऐकतो. पक्षी-सशांसारख्या लहान शिकारीच्या परवान्यावर फेझंटचा स्टॅम्प, म्हणजे त्या पक्ष्यासाठीची जादा मंजुरी, वेगळा घ्यावा लागतो, तो विसरू नका.

आपल्यापैकी अनेकजण एच-वन-बी वर असतात, त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. हा क्रम चुकवू नका, आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

बंदूक अंगाला बसते का ते पाहा

माझी वीस बोअरची (बोअर हे नळीचं माप) बंदूक नवऱ्याला दिली आणि पहिल्याच बाराला त्याच्या अंगठ्याचं पेर नाकावर आपटलं. तो माझ्याहून सहा इंच उंच, आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, माझ्या मापाचा. दस्ता आखूड असला की असं होतं. लांब असला तर तो काखेत अडकतो आणि बंदूक खांद्याला लागेपर्यंत पक्षी शेत ओलांडून जातो. बायकोला स्वतःची बंदूक देणारे नवरे हीच चूक दुसऱ्या बाजूने करतात. त्यांची दुसरी चूक म्हणजे "तिला झेपेल" म्हणून अगदी हलकी बंदूक आणणं. काडतूस तेच असेल तर हलकी बंदूक जास्त जोरात मागे लाथ मारते. वीस बोअरची, थोडी वजनदार, बाराच्याच गॅसवर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी सेमी-ऑटोमॅटिक असेल तर धक्का बराच कमी बसतो.

मग डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंजे असे जुळवा, की मधे लहान त्रिकोणी खिडकी राहील. त्यातून लांबचं एखादं झाड पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला झाड खिडकीतच दिसतं, तो डोळा प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर त्याचे छर्रे कायम एका बाजूला जातात आणि बिचारा स्वतःला दोष देत बसतो. अशा वेळी डाव्या खांद्यावरून मारायला शिकणं किंवा तो डोळा मिटणं, हे दोन उपाय.

यानंतर क्लेच्या मैदानावर, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायचा सराव करतात तिथे, दोन-तीन फेऱ्या. एका फेरीत २५ तबकड्या उडतात. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा सक्तीने घालायला लावा. सुरुवातीला सरळ लांब जाणाऱ्या तबकड्याच द्या. नवऱ्याने पहिल्या फेरीत चारच फोडल्या आणि सगळ्या फोडल्यासारखं तोंड करून परतला. शिकवायला मैदानावरचा प्रशिक्षक घ्या, तुम्ही लांब बाकावर बसा. गाडी शिकवताना झालेली भांडणं आठवा.

नियम घरीच पाठ करा

रानात शिकवायला वेळ नसतो. फेझंट पायाशी अचानक फडफडाट करत उठतो, नर असेल तर वर कर्कश ओरडतोही, आणि पहिल्यांदा माणूस दचकून जागीच थिजतो. म्हणून आम्ही घरच्या दिवाणखान्यात झाडूचा दांडा घेऊन सराव केला. मुलगा कोचामागून "नर!" किंवा "मादी!" ओरडायचा.

ते ओरडणं खोटं नाही. फक्त नराची शिकार करता येते, मादी मारणं बेकायदा आहे. नर म्हणजे लाल गाल, गळ्यात पांढरं कडं आणि लांब शेपूट. मादी नुसती तपकिरी. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडून सांगायचं, अशी इथली रीतच आहे. ओळख पटली नाही तर बार नाही.

नळी नेहमी वर किंवा समोर. सेफ्टी, म्हणजे बार अडवणारी कळ, पक्षी हवेत उठल्यावरच काढायची. समोर बारा वाजलेत असं धरा. दहाच्या डावीकडे किंवा दोनच्या उजवीकडे नळी वळवायची नाही. पक्ष्याच्या खाली आभाळ दिसल्याशिवाय बार नाही, कारण त्याच्या मागोमाग उडी मारणारा कुत्रा खाली असतो. जमिनीवर पळणाऱ्या पक्ष्यावर तर कधीच नाही. कुंपण ओलांडताना काडतूस काढून बंदूक खाली ठेवायची, मगच पाय टाकायचा. आणि पहिल्या दिवशी बंदुकीत एकच काडतूस. त्याने माणूस घाई करत नाही आणि दुसऱ्या बाराचा धोका उरत नाही.

नेमाचं एवढंच सांगा: शेपटाकडे पाहू नको, गळ्याच्या पांढऱ्या कड्याकडे पाहा. शेपूट लांब असल्यामुळे नवशिक्याचे छर्रे मागेच जातात. (जुन्यांचेही जातात, पण ते वाऱ्याला दोष देतात.)

दिवस आणि रान

हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला शनिवारी सुरू होतो. तो पहिला शनिवार सोडा. गाड्या, कुत्री, शिट्ट्या. आळंदीच्या वारीची आठवण येते. दोन-तीन आठवड्यांनी, मका निघाल्यावर, आठवड्यातला एखादा कोरडा दिवस घ्या. ट्विन सिटीजहून (मिनियापोलिस-सेंट पॉल) पश्चिमेला मार्शल गावाच्या बाजूला जायला आम्हाला अडीच-तीन तास लागतात. राज्याची १,४०० हून जास्त सार्वजनिक वन्यजीव क्षेत्रं आहेत, तिथे शिकारीला शेतकऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. संघराज्याच्या पाणपक्षी क्षेत्रांत मात्र शिशाचे छर्रे चालत नाहीत. आम्ही सगळीकडेच पोलादी वापरतो, म्हणजे खिसे तपासायला नकोत.

कपड्यांत कंबरेच्या वर भडक केशरी काहीतरी हवंच, मिनेसोटात तो नियम आहे. भडक गुलाबीही चालतं, पण नवरा केशरीवर अडून बसला. बूट आठवडाभर घरात घालून मऊ करून घ्या. पहिल्या दिवशी शिकार फसते ती टाचेच्या फोडामुळे, नेमामुळे नाही.

बार सकाळी नऊपासून सूर्यास्तापर्यंत काढता येतात. सकाळी दोन तास, मग जेवण आणि डुलकी, मग शेवटचा दीड तास, एवढंच ठेवा. संध्याकाळी दाणे टिपून पक्षी गवतात परततात, तो वेळ उत्तम. वाऱ्याला तोंड करून चाला, कुत्र्याला वास मिळतो. हळू चाला आणि मधेच थांबा. फेझंट उडण्याआधी पळतो. पावलं थांबली की तो बिथरतो आणि उठतो. गवताची पट्टी जिथे संपते तिथे सावध राहा, पळत आलेले सगळे तिथेच साठलेले असतात.

तुमची बंदूक गाडीत ठेवा

आता माझी चूक. पहिल्या दिवशी मी माझीही बंदूक घेतली होती. तासाभराने लव्हाळ्यातून एक नर उठला, नवऱ्याच्या अगदी समोरून. तो बंदूक खांद्याला लावत होता, तेवढ्यात सहा वर्षांची सवय माझ्या हातांनी पुरी केली. पक्षी पडला. मी "सॉरी" म्हणाले, तो "छान मारलास" म्हणाला. परतीचे अडीच तास आम्ही रेडिओ ऐकला.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा माझी बंदूक रिकामी करून डब्यात बंद होती. हात मोकळे असले की कुत्रा सांभाळता येतो, त्याला पाणी पाजता येतं, नवऱ्याची नळी कुठे आहे ते दिसतं. दुपारपर्यंत दोन माद्या उठल्या. दोन्ही वेळा त्याने नळी खाली घेतली. तिसऱ्यांदा नर उठला, आणि नवऱ्याचा नेम चुकला. "काय गं हे, रणगाडा उठला का काय!" असं म्हणत तो गवतात बसून हसत सुटला. चुकल्यावर लगेच "असं करायला हवं होतं" सुरू करू नका. विचारलं तर सांगा.

पक्षी पडल्यावर

शेवटच्या अर्ध्या तासात एक पडला. जिथे पडला तिथली खूण डोळ्यांत धरून सरळ चालत जा; नजर हलली तर तपकिरी गवतात काही सापडत नाही. कुत्र्याने आणला तेव्हा तो जिवंत होता. मान मुरगळावी लागते, आणि ती लगेच. हे कोण करणार ते आधीच ठरवून ठेवा, तिथे उभं राहून चर्चा नको. आमचं ठरलं होतं की मी करीन. नवरा बराच वेळ पिसांवरून हात फिरवत राहिला. तांब्याचा, जांभळा, हिरवा असे रंग उन्हात दिसतात ते चित्रात येत नाहीत. मी काही बोलले नाही. फोटोही त्याने म्हटल्यावरच काढला.

घरी पोचेपर्यंत पक्ष्याचा पाय, डोकं किंवा पिसांसकट पंख धडाला तसाच ठेवावा लागतो, म्हणजे वॉर्डनला (शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला) नर ओळखता येतो. दिवसाला नोव्हेंबरअखेर दोन, डिसेंबरपासून तीन नर, ही मर्यादा. आमचा एकच होता.

पिसं उपटत बसू नका, कातडीच सोला. जखमेजवळ मांसात पिसं ओढली गेलेली असतात, तिथे नखाने उकरून छर्रे काढा, नाहीतर पोलाद दाताखाली येतं. छातीचं मांस कोरडं पडतं, ते कांदा-लसणावर झटपट परता. तंगड्यांत चिवट शिरा असतात. त्या तांबड्या रश्श्यात मंद आचेवर दोन तास शिजवा, मांस हाडावरून सुटलं की शिरा ओढून काढा, मग वरून कोथिंबीर.