बडोद्याहून बाइकवर कावी-कंबोई : या चुका टाळा

पादरा, मासर रोड, जंबुसर, कावी, कंबोई. शेवटी आखाताच्या काठी, भरतीत बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ. साधारण 75 किलोमीटर. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. रस्ता सोपा आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. रात्री कट्ट्यावर बेत ठरतो, सकाळी आरामात सेव-उसळ हाणून दहा-साडेदहाला गाड्या निघतात, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते, ‘छे, तिथे काही नाहीच हो.’

आहे. तुम्ही चुकीच्या वेळी गेलात.

आणि हो, कोकण डोक्यात ठेवून जाऊ नका. हे खंभातचं आखात, तेही मही नदीच्या मुखाजवळचं. पाणी मातकट, किनारा चिखलाचा, माडबिड काही नाही. पोहणं तर मनातही आणू नका. इथे बघायचं ते पाण्याचं येणं-जाणं. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरती चढते ती भलतीच. पलीकडे भावनगरला उधाणात भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो. मुंबईच्या जवळपास दुप्पट. कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्यात जातं आणि दोनदा बाहेर येतं, ते याच पाण्यामुळे.

गेल्या रविवारची वेळ या रविवारी वापरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कुणीतरी फोटो टाकतो, दुपारी दोन वाजता शिवलिंगावर पाणी घालतोय. झालं! पुढच्या रविवारी दोनाच्या हिशोबाने टोळकं हजर.

आता हिशोब बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणजे भरतीची वेळ रोज 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत किती? जवळजवळ सहा तास. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या रविवारी बरोब्बर भरती. चुकायचंच असेल तर याहून नेमकं चुकता येणार नाही.

एकदा डिसेंबरात असंच एक टोळकं मला सोबत घेऊन गेलं. वेळ काढली होती एका मित्राच्या आठवडा जुन्या फोटोवरून. मी म्हटलं, जंबुसरात चहाला थांबू तेव्हा कुणाला तरी विचारा. ‘काका, फोटो आहे ना!’ दीडच्या सुमाराला पोचलो तर पायऱ्यांखाली पाणीच पाणी, दर्शन बंद. मग साडेचारपर्यंत बसून राहिलो. शेंगदाणे संपले, फोनची चार्जिंग संपली, दोघांचं आपसात वाजलं. पाणी उतरलं, दर्शन झालं आणि निघेपर्यंत साडेपाच. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. जंबुसर ते पादरा पूर्ण अंधारात: टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या, कापसाने फुगून अर्धा रस्ता अडवणारे टेम्पो आणि मध्येच शेतातून उडी मारणारी नीलगाय. पुढच्या गाडीवाल्याने एका नीलगायीसाठी ब्रेक दाबला तेव्हा मागचे तिघे कसे वाचले ते स्तंभेश्वरालाच ठाऊक.

माझी सवय सांगतो. भरती चंद्रावर चालते, आणि चंद्राचा हिशोब आपल्या घरात भिंतीवर टांगलेला असतो. एखाद्या वेळी गेलात की देवळात किंवा बाहेरच्या चहावाल्याला भरतीची वेळ विचारा आणि तिथीसकट लिहून ठेवा. त्याच तिथीला, शुद्ध असो की वद्य, पाणी ढोबळमानाने त्याच वेळी येतं. घड्याळ पंधरा दिवसांनी परत जुळतं, सात दिवसांनी नाही. आधी ओहोटी गाठायची, दर्शन घ्यायचं, मग मागे सरकून पाणी चढताना बघायचं. यात पाच-सहा तास जातात. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला ओहोटी असेल असा दिवस मी निवडतो. मग सुट्टी जुळते का ते बघतो. लोक उलट करतात. देऊळ पूर्ण बुडताना बघायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी तेवढा जोर धरत नाही.

अलिबागकडचे पाहुणे बरोबर असले तर ते ‘तिथीची पाऊणपट’ हा भरतीची वेळ काढायचा कोकणातला आडाखा सांगतील. तो इथे चालत नाही. भरतीला आखाताच्या टोकापर्यंत चढायला आणखी काही तास लागतात.

गाडी चिखलावर नेणं

ओहोटीला मैलभर सपाट, राखाडी, वरून सुकलेली जमीन दिसते. नव्या बुलेटवाल्याला वाटतं, वा, व्हिडिओ काय येईल! वरचा पापुद्रा चार बोटं. खाली लगदा.

माझ्या भाच्याने हेच केलं. मी नको म्हणेपर्यंत साहेब शंभर फूट आत. मागचं चाक फिरलं, बसलं, आणि जितकी रेस दिली तितकी गाडी खाली गेली. चेन दिसेनाशी झाली तेव्हा त्याने रेस सोडली. ‘मामा, ट्रॅक्टर बोलवा.’ ट्रॅक्टरही तिथे रुततो, बाबा. बांधावरून एक म्हातारा ओरडत होता, ‘भाई, पाणी आवे छे!’ समोर तर काहीच दिसत नव्हतं. दिसणारही नव्हतं, कारण भरती आधी ओहळांतून भरते, तेही तुमच्या पाठीमागच्या. बांध आणि आम्ही यांच्यात पाणी चमकायला लागलं होतं.

गावातल्या पाच-सहा जणांनी गाडी आडवी केली, खाली बाभळीच्या फांद्या आणि पोती सारली आणि दोर लावून ओढली. आडवी करणं महत्त्वाचं. उभी गाडी ओढायला गेलात तर ती आणखी रुतते. पेट्रोल सांडलं, एक आरसा गेला, पण गाडी आली. दहा मिनिटं उशीर झाला असता तर गाडी सोडून पळावं लागलं असतं, आणि ते पळणंच योग्य ठरलं असतं. कच्च्यावर जायची हौस असेल तर शेताच्या बांधावर भागवा. गुरांच्या खुरांत पाणी साचलेलं दिसलं की तिथेच गाडी वळवा.

बाकीच्या

पावसाळ्यात शेतरस्ता धरू नका. कानमची, म्हणजे या कापूसपट्ट्याची, काळी माती पुढच्या मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं.

साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा.

दुपारी तीनला निघून ‘सनसेट मारू’ म्हणणाऱ्यांनो, अख्खा रस्ता सूर्य डोळ्यांत. सकाळी निघालात तर जाताना-येताना दोन्ही वेळा तो पाठीशी राहतो. फक्त संध्याकाळी समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, एवढं धरून चाला. मी त्या वेळी दिवसाही हेडलाइट लावतो आणि ओव्हरटेक करत नाही.

जानेवारीत उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आधी-नंतरचे आठवडे हँडलला तारेची कमान लावल्याशिवाय शहराबाहेर पडायचं नाही. गळ्याला मफलर. ‘हेल्मेट आहे ना’ हे उत्तर नव्हे, मांजा हेल्मेटच्या खाली लागतो.

जुने व्हिडिओ बघून ‘तसंच पादऱ्याहून गंभीरा पुलावरून खंभातला जाऊन येऊ’ असा बेत करू नका. 9 जुलै 2025 ला त्या पुलाचा गाळा महीत कोसळला आणि माणसं गेली. खंभात हा वेगळा दिवस, वासदवरून.

घरी आल्यावर गाडी त्याच रात्री धुवायची. ‘उद्या सर्व्हिसिंगला टाकतो’ म्हणणाऱ्यांच्या ब्रेक डिस्कवर सकाळी गंज असतो आणि रिममधला चिखल छिन्नीने काढावा लागतो. प्रेशरचा पाइप बेअरिंगवर आणि चेनवर धरू नका, तो खारट गाळ आत ढकलतो. बादली, मग, जुना ब्रश आणि गोडं पाणी पुरतं. चेन कोरडी पुसून तेल लावा. मग एकदा गल्लीतून चक्कर मारून ब्रेक सुकवा आणि मगच जेवायला बसा.