व्हीपीएन घेताय? ॲपआधी कंपनी तपासा

सोलापूर स्टेशनवर सिद्धेश्वर एक्सप्रेसची वाट बघत फुकटचं वायफाय जोडलं, की तुमचं सगळं इंटरनेट त्या वायफायवाल्याच्या हातून जातं. बँकेचा पासवर्ड त्याला दिसत नाही, तो साइटच्या एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमुळे कुलूपबंद असतो. पण कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा कळतं. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, तेवढं झाकतं. मात्र तीच माहिती मग व्हीपीएन कंपनीला दिसू शकते.

पहिल्यांदा गरज ठरवा. गूगलमध्ये लॉगिन असाल तर गूगल तुम्हाला ओळखणारच. ओटीपी मागणारे भामटेही व्हीपीएनने थांबत नाहीत. नवी पेठेतल्या दुकानात बसून स्वतःच्या ब्रॉडबँडवर जीएसटी भरायला तर ते लागतच नाही.

मग कंपनीची कमाई बघा. फुकट म्हटलं की आपला हात आधी पुढे जातो! 'ओनावो' हे फुकटचं व्हीपीएन फेसबुकने 2013 मध्ये विकत घेतलं. कोण कोणतं ॲप किती वापरतो, हे त्यातून फेसबुकला कळत राहिलं. 2019 मध्ये ते बंद झालं. प्रोटॉन या व्हीपीएनची फुकट योजना पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर चालते, म्हणून ती मला चालते.

'आम्ही नोंदी ठेवत नाही' असं सगळेच लिहितात. बाहेरच्या संस्थेकडून तपासणी झाली का, अहवाल किती जुना, ते शोधा. 2023 मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या ऑफिसात गेले आणि ग्राहकांची माहिती न मिळता परतले. असा पुरावा जाहिरातीपेक्षा मोलाचा. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचं नाव, पत्ता, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता-क्रमांक) पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्कने भारतातले सर्व्हरच काढले.

ॲप कंपनीच्या साइटवरच्या लिंकवरूनच घ्या. प्ले स्टोअरवर मिळत्याजुळत्या नावांची गर्दी आहे. कॉन्टॅक्ट्स किंवा एसएमएसची परवानगी मागितली तर तिथंच काढून टाका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या नावापुढचं चाक दाबून 'ऑलवेज-ऑन' आणि त्याखालचं व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवणारं बटण चालू करा. चालू करण्याआधी आणि नंतर आयपी दाखवणारी साइट उघडा. आकडा तोच राहिला तर काहीतरी चुकलंय.

पैसे आधी एकाच महिन्याचे भरा. बँकेचं ॲप अडलं, तर व्हीपीएन ॲपच्या स्प्लिट टनेलिंगमध्ये, म्हणजे निवडक ॲप व्हीपीएनबाहेर ठेवण्याच्या सोयीत, तेवढं एक वगळा; पण त्यासाठी व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवणारं बटण बंद ठेवावं लागतं.