घसा सारखा धरतो, तोंड सारखं येतं? या चुका टाळा

पोरगं तापतं, घसा लाल होतो, तोंडात फोड येतात. मेडिकलमधून मागच्याच अँटिबायोटिकची बाटली येते आणि चार दिवसांत ताप उतरतो. महिन्याभरानं पुन्हा तेच. आमच्या सांगलीतल्या घरी हे दीड वर्ष चाललं. आम्ही तारखा कधी लिहून ठेवल्या नाहीत, ही सगळ्यात मोठी चूक.

मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी तारखा विचारल्या, तेव्हा जुनी बिलं काढून कॅलेंडरवर खुणा केल्या. बरोबर चार-चार आठवड्यांनी ताप! मधल्या दिवसांत पोरगं ठणठणीत. घशाच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. या आजाराला पीएफएपीए म्हणतात, म्हणजे ठरावीक दिवसांनी ताप, तोंडात फोड, घसा लाल आणि मानेच्या गाठी सुजणं. त्याचं वर्णन 1987 मध्ये झालं. साधारण पाच वर्षांच्या आत सुरू होतो, तीन ते सहा आठवड्यांनी उलटतो, आणि तो संसर्ग नसतोच. ताप आपला आपण उतरतो, श्रेय औषधाला जातं. बहुतेक मुलांत वाढत्या वयात थांबतो. पण हे निदान डॉक्टरांनीच करायचं, कारण घसा दुखण्याची बाकी कारणंही असतात.

बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे धरतो, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. तपासणीत स्ट्रेप्टोकोकस हा जंतू निघाला तर मात्र दिलेला कोर्स, बहुधा दहा दिवसांचा, पुरा करा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. त्यातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, विशेषतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांत. हळद-मिठाच्या गुळण्या जरूर करा, आराम पडतो; पण औषधाच्या जागी नको.

मोठ्यांचं तोंड येतं तेव्हा बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं महिनोन्महिने खाल्ली जातात. त्यापेक्षा एकदा रक्त तपासा: हिमोग्लोबिन, लोह, बी-12, साखर. टोचणारा दात असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून घासून घ्या. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरा.

आणि मावश्यांनो, तोंड आलंय म्हणून मिश्री लावू नका. ती भाजलेली तंबाखूच आहे. साधा फोड एक-दोन आठवड्यांत भरतो. तीन आठवडे झाले तरी भरला नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसतोय, किंवा तोंड कमी उघडतंय, तर दुखत नसलं तरी मिरजेच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास अडकत असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघा.