गावपातळीवरच्या आरोग्यसेवी संस्थेसाठी देणग्या कशा उभ्या कराव्यात

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. समजा, तुमच्या गटाला या ऊसतोड बायकांचे हिमोग्लोबिन त्या निघण्याआधी तपासायचे आहे आणि ज्यांचे ते 12 ग्रॅमच्या खाली भरेल त्यांच्यावर उपचार सुरू करायचे आहेत. अशा वेळी बहुतेक नव्या संस्था पहिले पत्र एखाद्या मोठ्या कंपनीला लिहितात, आणि तिथेच वर्ष वाया जाते. कंपनीने स्वतः न स्थापलेल्या संस्थेला सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी, म्हणजे सीएसआर, द्यायचा असेल तर त्या संस्थेच्या गाठीशी तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव असावा, असा नियम आहे. तेव्हा ही पहिली 3 वर्षे जिल्ह्यातल्याच पैशावर काढायची आहेत, हे धरून आखणी करावी.

सुरुवात नोंदणीपासून करावी. आपल्याकडे संस्था साधारणपणे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवली जाते. दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयात जावे लागते. नोंदणी हातात येण्याआधी वर्गणी गोळा करायची असेल तर या 1950 च्या कायद्यातल्या कलम 41सी ची परवानगी घ्यावी. गणेश मंडळे घेतात तीच. पुढे विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा. हे काम सर्वांत जास्त रेंगाळते. वारलेल्या विश्वस्ताचे नाव परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, तसेच राहते आणि निधी मंजूर होण्याच्या वेळी सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

त्यानंतर पॅन, संस्थेच्या नावाचे बँक खाते, दरवर्षीचे लेखापरीक्षण, आणि आयकर विभागाकडून 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व 80जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मान्यता. नव्या संस्थेला या मान्यता आधी तात्पुरत्या मिळतात, म्हणून त्यांची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आता पैसा. मराठवाड्यातल्या गावाला देणे नवीन नाही. सप्ताहाच्या पंगतीसाठी कोणी ज्वारी दिली, कोणी डाळ दिली, हे माईकवरून सांगितले जाते आणि हिशेब शेवटच्या दिवशी सर्वांसमोर वाचला जातो. हीच पद्धत संस्थेने उचलावी. मात्र कोणाकडे काय मागायचे याचा विचार आधी करावा. शेतकऱ्याच्या शेती उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळे त्याला 80जी ची पावती दाखवून उपयोग नाही. त्याच्याकडे शिबिराच्या दिवसाचे जेवण, एका दिवसासाठी जीप किंवा बसायला जागा मागावी. मोंढ्यातला आडत्या किंवा पुण्याला, चाकणला नोकरीला गेलेला गावचा मुलगा यांना पावतीचा उपयोग असतो, पण त्यांनी जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. 2000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, म्हणून तेवढी रक्कम धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावी, पावतीवर पॅन लिहून घ्यावा आणि देणगीदारांचे वार्षिक विवरणपत्र वेळेवर भरावे. वर्षातून एकदा मिळणाऱ्या 5000 रुपयांपेक्षा दरमहा न चुकता येणारे 200 रुपये मला मोलाचे वाटतात, कारण नर्सचा पगारही महिन्यालाच द्यायचा असतो.

अंदाजपत्रक हा या सगळ्याचा कणा आहे. इथे संकोच नडतो. पगार लिहिला तर देणगीदार नाराज होईल या भीतीने संस्था फक्त औषधे आणि साहित्य लिहितात; प्रत्यक्षात लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि खरा खर्च तांड्या-वस्त्यांवर जाणाऱ्या नर्सचा, गाडीच्या डिझेलचा आणि तपासणीच्या पट्ट्यांचा असतो. तो तसाच, उघडपणे लिहावा. किती बायका तपासल्या, एका बाईमागे किती खर्च आला आणि गुढीपाडव्याच्या सुमारास त्या परतल्यावर पुन्हा तपासणी केली तेव्हा काय आढळले, हे तीन आकडे दरवर्षी एकाच पद्धतीने नोंदवावेत. मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, दिलेली उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली बाई आजारी असली तरी जाणारच, हेही प्रस्तावात लिहावे. कामाची घाई दसऱ्याआधीच का, हे वाचणाऱ्याला त्यावाचून कळत नाही.

तीन वर्षांच्या अशा नोंदी आणि लेखापरीक्षण अहवाल जमा झाले की नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या संकेतस्थळावर नोंद करावी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर निधी घेण्यासाठीच्या नोंदणीचा सीएसआर-1 अर्ज भरावा आणि मग कंपन्यांकडे जावे. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला तिने प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडे किंवा जालन्याच्या पोलाद उद्योगाकडे जाताना आपले गाव त्यांच्या परिसरात कसे येते, हे प्रस्तावात आधी मांडावे. पुढच्या वर्षाचे नियोजन एप्रिलपूर्वी ठरते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत भेट घ्यावी. दसऱ्याच्या तोंडावर गेल्यास त्या हंगामासाठी काही हाती लागत नाही.

परदेशी देणगीचा मार्ग घाईने धरू नये. त्यासाठी 2010 च्या परदेशी अंशदान कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि ती मिळाल्यावरही पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. मात्र परदेशात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही. तोच माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक झाला असेल तर ठरते. म्हणून गावचा मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो म्हणाला, की आधी त्याच्या पारपत्राची प्रत मागवावी आणि ती पावतीसोबत जपून ठेवावी.