राज्यातील रहिवाशांसाठीच्या कमी शिक्षणशुल्काचा अर्ज फेटाळला गेल्यास
अमेरिकेतील सरकारी विद्यापीठाने तुमच्या मुलाला परराज्यातील ठरवून जादा शुल्क लावले, तर प्रथम निर्णयपत्रातील अपिलाची मुदत पाहावी. रहिवासी ठरण्यासाठी आधी वर्षभर राज्यात राहण्याच्या अटीलाच आव्हान देण्यात सहसा हशील नाही, कारण मिनेसोटाची तशी अट सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये कायम ठेवली. मात्र अर्जाच्या वेळचा पत्ता शिक्षण संपेपर्यंत ग्राह्य धरणारा कनेक्टिकटचा नियम त्याच न्यायालयाने १९७३ मध्ये, व्लँडिस विरुद्ध क्लाइन खटल्यात, अवैध ठरवला. खरे वास्तव्य सिद्ध करण्याची संधी मिळालीच पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून भाडेकरार, राज्याचे करविवरण व वाहनपरवाना तारखेनुसार लावून जोडावेत; परवान्यावर जुना पत्ता राहिला, तर तेवढ्यावरही अपील अडू शकते. नागरिकत्व नसल्यास, पुरावा म्हणून मतदारनोंदणी मात्र कदापि करू नये.