'फिजिकली' कुठं लावायचं, कुठं नाही

साताऱ्यातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला पोलीस भरतीची पोरं येतात. 'फिजिकल' त्यांच्या तोंडी बसलेलं: "मॅडम, फिजिकल झालं, लेखी राहिलीय." सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा, मिळून 50 गुण. घोळ होतो तो पुढं 'ली' लावायची वेळ आली की.

परवा एकानं फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम फिजिकल फिट.' 'फिट' हे विशेषण. कशानं फिट, हे सांगायला क्रियाविशेषण लागतं, म्हणून 'फिजिकली फिट'. 'फिटनेस' मात्र नाम, तिथं 'फिजिकल'च. लिहिताना शेवटी ए-एल-एल-वाय, पण बोलताना तो 'ए' गिळायचा: फि-झि-कली.

शब्दकोश 'शारीरिकदृष्ट्या' म्हणतो. घरात असं कुणी बोलतं का? 'फिजिकली वीक' म्हणजे अंगात त्राण नसलेला. 'फिजिकली प्रेझेंट' म्हणजे प्रत्यक्ष हजर, फोनवर नव्हे. 'फिजिकली इम्पॉसिबल'मध्ये तर शरीर असेलच असं नाही. साताऱ्याहून पुणं गाडीनं अर्ध्या मिनिटात गाठायचं, हे निसर्गनियमातच बसत नाही. शब्दाचं मूळच ग्रीकमधल्या 'निसर्ग'वाचक शब्दात आहे, 'फिजिक्स'ही त्याचंच भावंड.

'आय फिजिकली कान्ट' हे पोरांना अवघड वाटतं, आणि नेमकं तेच मराठीत तयार आहे. माझ्या सासूबाई जिन्याशी थांबतात, कठडा धरतात आणि म्हणतात, "माझ्याच्यानं आता चढवत नाही गं." 'चढू शकत नाही' म्हटलं तर दार बंद असेल, गर्दी असेल, काहीही. 'चढवत नाही' म्हटलं की गुडघे बोलले. मराठीत 'वत नाही' आलं की आधी हा शब्द आठवायचा. फक्त 'त्याचे हाल बघवत नाहीत' इथं सांभाळा. तिथं मन तयार नसतं. 'फिजिकली' घातलंत तर समोरचा तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवेल.

आणि साहेबाला 'आय विल मीट यू फिजिकली' असं कळवू नका, कानाला भलतंच लागतं. 'इन पर्सन' म्हणा.

त्या फळ्यावरच्या पोराला मी नवं वाक्य करायला सांगितलं. त्यानं खडू घेतला, थोडा विचार केला आणि लिहिलं: 'आफ्टर सिक्स्टीन हंड्रेड मीटर्स, आय फिजिकली कुडन्ट स्टँड.' मराठीत काय, विचारलं. म्हणाला, "उभंच राहवंना, मॅडम."