ओहोटीच्या खडकांवर पोरांसोबत व्हिडीओ आणि लाइव्ह करताय? या चुका टाळा

कोकणातल्या आमच्या शाळेची आठवी-नववीची पोरं ओहोटीला खडकांवर जाऊन व्हिडीओ बनवतात आणि घाटावरच्या शाळांना लाइव्ह दाखवतात. तिकडच्या बऱ्याच मुलांनी समुद्र फक्त टीव्हीवर बघितलेला असतो. शिकवणारी पण पोरंच आणि शिकणारी पण पोरंच, मला हे काम फार मोलाचं वाटतं, म्हणून आमच्याकडून जे जे चुकलं ते इथे सांगतो.

पहिली चूक वेळेची. शनिवारी दुपारी शाळा सुटते म्हणून शनिवारी दुपारीच जायचं, आणि जाऊन बघावं तर भरती, खडक सगळे पाण्याखाली. गावातल्या कुठल्याही मच्छीमार आजोबांना विचारा, ते सांगतील तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा ठोकळ हिशोब आहे पण कामाला येतो. मात्र अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते फार मागे हटतच नाही. आपल्याला हवं उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावस्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, तेव्हा ओहोटी सकाळी साधारण सहा ते आठच्या दरम्यान येते आणि उजेडही छान मऊ असतो. तारीख ठरवायच्या आधी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची सांगणारा तक्ता, बघा, पाणी अर्ध्या मीटरच्या आत उतरणार असेल तो दिवस पकडा.

ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, पाण्याच्या मागे मागे खाली उतरा, आणि पाणी फिरलं की निघा. इथेच पोरं फसतात, कारण भरतीच्या पहिल्या तासात पाणी हळूच चढतं, वाटतं अजून खूप वेळ आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात जोरात येतं. एका मोठ्या माणसाने मोबाईल हातात न घेता फक्त पाण्याकडे बघत उभं राहायचं, यात तडजोड नाही.

आता खरा मुद्दा. पोरांचा पहिला व्हिडीओ बहुतेक वेळा यादी असते, हा खेकडा, हा तारामासा, हे समुद्रफूल, धन्यवाद. परिसंस्था कुठे आहे यात? आमच्या एका लाइव्हमध्ये घाटावरच्या एका मुलीने विचारलं की पाणी गेल्यावर हे सगळे जातात कुठे, आणि आमची पोरं गप्प, कारण नावं पाठ होती पण हा विचारच केला नव्हता. तेव्हापासून आम्ही व्हिडीओची सुरुवात प्रश्नानेच करतो. कॅमेरा खडकाच्या वरच्या टोकाला धरायचा आणि न थांबवता हळूहळू पाण्याच्या कडेपर्यंत आणायचा, की पट्टे आपोआप दिसतात. वर अगदी छोट्या गोगलगाई, ज्या उन्हात तासन्‌तास कोरड्या राहू शकतात, मग पांढरे टोकदार बार्नॅकल, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले कवचवाले छोटे प्राणी, आणि कालवं, आणि खाली शेवाळ, स्पंज, समुद्रफुलं, ज्यांना कोरडं पडणं फारसं झेपत नाही. कोण किती वेळ पाण्याबाहेर काढू शकतो यावर ज्याची त्याची जागा ठरते, ते या एका शॉटमध्ये समजतं. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर चौकट करून दर महिन्याला त्याच खडकावर ठेवून शूट केलं तर पावसाळ्याआधी आणि नंतर काय बदललं तेही दिसतं.

नावांची गडबड पण आधीच निस्तरा. आपल्या भाषेतली नावं गोड आहेत पण फसवतात. तारामासा मासा नाही, देवमासा सस्तन प्राणी आहे, समुद्रफूल फूल नाही तर प्राणी आहे, आणि प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी तोही प्राणीच. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या निळ्या बाटलीला सगळे जेलीफिश म्हणतात, ती खरं तर अनेक जीवांची मिळून बनलेली वसाहत आहे. वाळूवर मरून पडलेली असली तरी तिचे धागे डंख मारतात, त्यामुळे हातात घेऊन दाखवणं बंद. शंकूच्या आकाराचा जिवंत कोन शंखही उचलू नका, तो विषारी काटा मारतो.

नेटवरून ऑस्ट्रेलियाच्या रंगीत प्रवाळाचे क्लिप घेऊन त्यावर 'आपला मालवणचा समुद्र' असं निवेदन देणं ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, तिथे खरंच प्रवाळ आहे, पण पाणी तितकं नितळ नसतं आणि रंग तितके भडक नसतात. जे आहे तेच दाखवा. शिवाय पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, म्हणून सगळं निळं-हिरवं दिसतं, हे कारण पोरांनाच व्हिडीओत सांगू द्या.

चांगल्या शॉटसाठी दगड उलटला तर हलक्या हाताने जसा होता तसाच परत ठेवा, नाहीतर त्याच्याखालचं सगळं ऊन लागून मरतं. प्रवाळ, समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आठवण म्हणूनसुद्धा उचलून आणायचे नाहीत. आणि वेळासला कासवाच्या पिल्लांचं शूटिंग असेल तर फ्लॅश आणि टॉर्च बंद, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्र सोडून भलतीकडेच जातात.

टेक्निकल अडचणी थोडक्यात. पाण्यावर चकाकी येत असेल तर छत्रीची सावली करा किंवा तळ पारदर्शक असलेला डबा पाण्यावर टेकवून त्यातून शूट करा, आतलं सगळं स्वच्छ दिसतं. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये टचस्क्रीन पाण्याखाली चालत नाही, रेकॉर्डिंग आधी सुरू करा मग बुडवा. आवाजात नुसता वारा येत असेल तर कॉलर माइकवर स्पंजची टोपी घाला, नाहीतर निवेदन नंतर वर्गात रेकॉर्ड करा. लेन्स दर दहा मिनिटांनी पुसा, खारे तुषार बसून चित्र धुरकट होतं.

लाइव्हचं म्हणाल तर यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाईलवरून करायचं तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, हे आदल्या संध्याकाळी कळून उपयोग नाही. नेटवर्क खडकाच्या खालच्या टोकाला तपासा, रस्त्यावर नाही. समोरच्यांना चित्र काही सेकंद उशिरा दिसतं, म्हणून प्रश्न विचारल्यावर थांबायची पोरांना सवय लावा. आणि दोन-तीन क्लिप आधीच रेकॉर्ड करून ठेवा, रेंज गेली की त्या चालवायच्या.

यातली एक क्लिप नक्की ठेवा. पाणी साठलेल्या डबक्यातल्या बार्नॅकलसमोर मोबाईल दगडाला टेकवून दोन मिनिटं हलवायचा नाही. आधी काहीच होत नाही, पोरं कंटाळतात, आणि मग त्या कवचाचं झाकण उघडून पिसांसारखे पाय बाहेर येतात आणि पाण्यातलं अन्न ओढून घ्यायला लागतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पोरांनी पुढच्या लाइव्हला हीच क्लिप लावून दिलं, की बरेचसे कुठेच जात नाहीत, झाकण लावून पाण्याची वाट बघत बसतात.